फोर-के मॉनिटर नवा, ग्राफिक्स कार्ड जुने

प्रश्न : गेल्या महिन्यात मी 27 इंची, 60 हर्ट्झचा फोर-के मॉनिटर घेतला. संगणक मात्र जुनाच आहे. त्यात सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर आणि एनव्हिडियाचे जीटीएक्स 1060 हे 6 जीबीचे कार्ड आहे. दिवसभर घरून कार्यालयाचे काम चालते आणि रात्री मी जीटीए फाइव्ह किंवा सायबरपंक खेळतो. नव्या मॉनिटरवर हे खेळ अडखळतात, आणि रिझोल्यूशन 1080 वर आणले की चित्र पुसट दिसते. शिवाय साधा माउस फिरवतानाही बाण तुटक सरकतो. घर ठाणे-बेलापूर रस्त्यालगत असल्याने कॅबिनेटमध्ये धूळही बरीच जाते. कार्ड बदलण्यावाचून गत्यंतर नाही, असे वाशीतील दुकानदार सांगतात. मॉनिटर परत करावा की कार्ड बदलावे?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : तूर्तास दोन्ही करू नये. आधी माउसची तक्रार तपासावी, कारण तिचा कार्डाच्या ताकदीशी संबंध नाही. 2016 साली आलेले हे कार्ड फोर-के डेस्कटॉप 60 हर्ट्झने सहज दाखवते. बाण तुटक सरकत असेल, तर मॉनिटर बहुधा 30 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 30 वेळाच चित्र बदलत, चालत आहे. कॅबिनेटच्या मागे पाहावे : वरच्या भागात, यूएसबीच्या शेजारी असलेले एचडीएमआय पोर्ट मदरबोर्डाचे असते आणि त्याच्या खाली आडव्या पट्टीत दिसणारी पोर्ट कार्डाची असतात. केबल वरच्या पोर्टात असेल तर चित्र प्रोसेसरमधील ग्राफिक्सच्या वाटेने येते, आणि त्या पिढीच्या बहुतेक मदरबोर्डांवरील एचडीएमआय 1.4 दर्जाचे असल्याने फोर-के चित्र 30 हर्ट्झच्या पुढे जात नाही. केबल कार्डाच्या डिस्प्लेपोर्टला लावून विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 60 हर्ट्झ निवडावे. ती आधीच कार्डाला असेल, तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत एचडीएमआयची जुनी आवृत्ती निवडलेली नाही ना, हे पाहावे. केबल निकृष्ट असल्याची खूण वेगळी असते : चित्र मध्येच काळे होते किंवा पडद्यावर ठिपके चमकतात. डिस्प्लेपोर्टवर संगणक सुरू होताना पडदा काळाच राहिला आणि विंडोज आल्यावरच चित्र दिसले, तर एनव्हिडियाने या पिढीच्या कार्डांसाठी दिलेले डिस्प्लेपोर्ट फर्मवेअर (कार्डातील अंतर्गत सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्यावे.

आता खेळांविषयी. 1920 गुणिले 1080 म्हणजे सुमारे 20.7 लाख पिक्सेल, तर 3840 गुणिले 2160 म्हणजे सुमारे 83 लाख. 1080 साठी बनलेल्या कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये चौपट पिक्सेल रंगवावे लागतात, म्हणून खेळ अडखळणे स्वाभाविक आहे. मात्र मॉनिटर फोर-के आहे म्हणून कार्डाने खेळही फोर-केमध्येच रंगवला पाहिजे, असे मुळीच नाही.

रिझोल्यूशन विंडोजमधून न उतरवता खेळाच्या आतून उतरवावे. सायबरपंकमध्ये रिझोल्यूशन फोर-केच ठेवून एफएसआर हे लहान चित्र मोठे करणारे तंत्र 'परफॉर्मन्स'वर लावल्यास दृश्य 1080 मध्ये तयार होते आणि मागील फ्रेममधील माहिती वापरून फोर-केपर्यंत वाढवले जाते. अक्षरे आणि नकाशा मात्र मूळ फोर-केमध्येच उमटतात. नुसत्या 1080 पेक्षा हे चित्र बरेच रेखीव दिसते, हाच आपल्या पुसटपणावरचा खरा उपाय आहे. अर्थात या वाढवण्यालाही कार्डाचा थोडा वेळ लागतो, त्यामुळे सावल्या आणि प्रतिबिंबे एक-दोन पायऱ्या खाली आणावी लागतील. एफएसआर एएमडीचे असले तरी ते आपल्या कार्डावर चालते. डीएलएसएस या एनव्हिडियाच्या तशाच तंत्रासाठी मात्र आरटीएक्स कार्डच लागते. जीटीए फाइव्हच्या जुन्या आवृत्तीत प्रगत ग्राफिक्सच्या पानावर फ्रेम स्केलिंगचा पर्याय आहे. तो तेथे निम्म्यावर आणावा.

मॉनिटरचा वेग खेळाच्या फ्रेमशी जुळवणारी जी-सिंक कंपॅटिबल सुविधा जानेवारी 2019 पासून या कार्डाला डिस्प्लेपोर्टवर मिळते. परंतु 60 हर्ट्झच्या मॉनिटरांत तिची कक्षा अरुंद असते आणि फ्रेम तिच्या खाली गेल्यास तिचा उपयोग होत नाही.

धुळीची आपली शंका रास्त आहे. पंखे आणि हीटसिंक तुंबले की साधारण 83 अंशांच्या सुमारास कार्ड स्वतःचा वेग कमी करू लागते. संगणक बंद करून, पंख्याचे पाते बोटाने धरून, ब्लोअरने धूळ काढावी.

मॉनिटर ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसभर अक्षरे वाचणाऱ्या डोळ्यांना 27 इंचांवरील फोर-केचा जो लाभ होतो, तो रोजचा आहे. आपण मुख्यतः वेगवान नेमबाजीचे खेळ खेळत असता, तर मी 1440 रिझोल्यूशनचा 144 हर्ट्झ मॉनिटर सुचवला असता. कार्ड कधीतरी बदलावे लागेलच, कारण ऑक्टोबर 2025 नंतर एनव्हिडियाने या पिढीसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर थांबवून केवळ सुरक्षाविषयक अपडेट ठेवले आहेत. तेव्हा मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात जाण्यापूर्वी आपल्या पॉवर सप्लायवरील वॉटचा आकडा आणि त्यातील पीसीआयई जोडण्या (कार्डाला वीज देणाऱ्या) लिहून घ्याव्यात. 1060 ला 120 वॉट पुरतात, नव्या कार्डांपैकी अनेकांना त्याहून बरेच अधिक लागतात, आणि तो खर्च दुकानातील पहिल्या कोटेशनमध्ये बहुधा धरलेला नसतो.