किती गोण्या, कधी, आणि कुणाच्या हातून

लोकमान्य नगर, इंदूर

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझी प्रश्नावली आणि सोबतची टिपणं वाचली. माती आणि पाणी या विषयांवर संस्थेनं सांवेर आणि देपालपूर तहसिलींतल्या गावांत दोन वर्षं शेतकऱ्यांची प्रशिक्षणं घेतली, आता त्याचा उपयोग झाला का, हे तुला सांगायचंय. तू पुण्याकडची, माळवा तुला नवा, आणि काम एकटीवर येऊन पडलंय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रश्नावलीचा मोठा भाग शेतकऱ्याला काय ठाऊक आहे याचा आहे. नत्र (नायट्रोजन) म्हणजे काय, माती परीक्षण का करायचं, प्रशिक्षण आवडलं का. शेवटी प्रयोगशाळेचे दोन रकाने आहेत, मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्या-शेणातून मातीत राहिलेला कार्बन, आणि विहिरीतलं नायट्रेट, म्हणजे पाण्यात उतरलेलं नत्र. आणि मधलं, म्हणजे तो माणूस आपल्या शेतात प्रत्यक्ष काय करतो, ते तू चार ओळींत उरकलंस. माझं म्हणणं एवढंच आहे की तुझा सगळा जीव त्या मधल्या भागात ओत.

याचं कारण मातीतच आहे. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असला तर कमी, ०.७५ च्या वर असला तर भरपूर, असं आपल्याकडचं वर्गीकरण. दोन वर्षांत हा आकडा जेवढा हलेल, त्याहून जास्त फरक एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांत सापडतो. पाण्याचंही तसंच. आज विहिरीत आलेलं नायट्रेट हे कित्येक हंगामांपूर्वी टाकलेल्या युरियाचं असू शकतं. देणगीदाराला नेमके हेच दोन आकडे हवे असतात आणि दोन वर्षांच्या अभ्यासात तुला नेमकं यांच्याबद्दलच सर्वांत कमी बोलता येईल. दुसऱ्या टोकाला हजेरीपट आणि वर्गातली परीक्षा आहे. हजेरीवरून फक्त लोक आले होते एवढंच कळतं. क्लॉड बेनेट यांनी १९७०च्या दशकात विस्तारकार्याच्या, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत शेतीचं ज्ञान पोचवण्याच्या कामाच्या, मूल्यमापनासाठी सात पायऱ्यांची शिडी मांडली. साधनसामग्रीपासून ती सुरू होते आणि अंतिम परिणामांपर्यंत जाते. त्यातली सहावी पायरी म्हणजे शेतीच्या पद्धतीत झालेला बदल. तू त्या पायरीवर ठाण मांडून बस.

आता ते विचारायचं कसं? ‘खत शिफारशीप्रमाणे टाकता का?’ असं विचारलंस तर समोरून ‘हां मैडम, बिल्कुल’ येणारच. माळव्यातला माणूस दारी आलेल्याचं मन मोडत नाही, आणि तू संस्थेच्या गाडीतून उतरलेली. त्यामुळे प्रशिक्षकाला बरोबर नेऊ नकोस आणि मत विचारू नकोस. गेल्या रब्बीत गव्हाला किती बोऱ्या, म्हणजे गोण्या, युरिया पडला, पहिली केव्हा, दुसरी केव्हा, डीएपी हे दुसरं खत किती, हे विचार. तो बिघ्यात बोलेल. त्याचा बिघा केवढा, ते त्याच गावात विचारून लिहून ठेव, नाहीतर घरी येऊन सगळा हिशेब चुकेल.

हिशेब करून दाखवते. ओलिताच्या गव्हाची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद (फॉस्फरस), ४० किलो पालाश (पोटॅश) अशी धर. युरियात ४६ टक्के नत्र, गोणी ४५ किलोची, म्हणजे एका गोणीत साधारण २०.७ किलो नत्र. स्फुरदाची गरज डीएपीनं भागवायची तर १३० किलो डीएपी लागेल, आणि त्यात १८ टक्के नत्र असल्यानं साडेतेवीस किलो नत्र तिथेच पडलं. म्हणजे युरियाची एक गोणी कमी करायला हवी. उरलेल्याला पावणेपाच गोण्या पुरतात. डीएपीतलं हे नत्र फार थोडे लोक वजा करतात. प्रशिक्षणानंतर एखाद्यानं ते वजा करायला सुरुवात केली असेल, तर तुझ्या अहवालात त्याहून मोठी बातमी नाही. त्यासाठी तुला प्रयोगशाळा लागत नाही.

मग म्हण, ‘सॉइल हेल्थ कार्ड दाखवा ना.’ शेताची माती तपासून निकाल आणि खताची शिफारस कार्डावर छापून देण्याची ही सरकारी योजना २०१५ साली सुरू झाली आणि कार्डावर १२ घटकांची नोंद असते. कार्ड कुठून निघतं ते बघ. ट्रंकेच्या तळाशी, जमिनीच्या कागदांबरोबर घडी न मोडता ठेवलेलं निघालं, तर ते सरकारी कागद म्हणून जपलं गेलं आहे, वाचलं गेलेलं नाही. कडेला पेननं बिघ्याचा आकडा लिहिलेलं, घडीवर फाटायला आलेलं कार्ड एखाद्याच घरात दिसेल. शिफारस हेक्टरी किलोत छापलेली असते आणि शेतकरी बिघा आणि बोरी यांत विचार करतो. हे भाषांतर कुणी करून दिलं का, तेवढं जरूर विचार. माझ्या मते प्रशिक्षणाचा अर्धा उपयोग इथेच गळून जातो आणि कुणी तिकडे पाहत नाही.

सांगितलेल्या आकड्यांची पडताळणीही हवी. २०१८ पासून अनुदानित खत देशभर दुकानातल्या पीओएस (विक्री नोंदवणाऱ्या) मशीनवर नोंदवून विकलं जातं, त्यामुळे सोसायटीकडून गावाची एकूण विक्री कळू शकते. मात्र भाऊ भावासाठी घेतो, शेजारी शेजाऱ्यासाठी घेतो. म्हणून ती नोंद गावापुरतीच वापर, एका माणसाला खोटं पाडायला कधीच नको. आणि एक जपून पाहा. ज्या रब्बीत युरियाची टंचाई होती, सोसायटीसमोर पहाटेपासून रांगा होत्या, त्या वर्षी वापर सगळ्यांचाच कमी दिसेल. ते श्रेय प्रशिक्षणाच्या खात्यावर जमा करू नकोस.

इथेच तुलनेच्या गावांचा मुद्दा येतो, आणि तुझी सध्याची निवड मला मान्य नाही. प्रशिक्षण मिळालेली गावं तू सगळी सांवेरमधून निवडलीस आणि न मिळालेली सगळी देपालपूरमधून. कान्ह नदी इंदूर शहरातून सांडपाणी घेऊन सांवेरकडे जाते आणि पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. तिच्या काठचा शेतकरी मोटार लावून तेच पाणी पिकाला देतो, म्हणजे पाण्याबरोबर त्याच्या शेतात नत्र फुकट येतं. देपालपूरकडे गंभीर नदी, यशवंत सागर तलाव, वेगळंच पाणी. या दोन गावांतला फरक हा नदीचा फरक ठरेल. तुलना करायची ती कान्हकाठच्या गावाशी कान्हकाठच्याच गावाची. त्यातही संस्था पुढच्या वर्षी जिथे जाणार आहे अशी गावं मिळाली तर फार उत्तम, कारण त्यांनाही प्रशिक्षण हवंच आहे. आपणहून शिबिराला येणारा माणूस मुळातच उत्साही असतो, त्याची तुलना न येणाऱ्याशी लावली तर शिबिर उगाच थोर दिसतं. आरंभीची पाहणी झालेलीच नाही, असं तू लिहिलंस. मग एकाच बैठकीत ‘तेव्हा काय करत होता आणि आता काय करता’ असं विचार. आठवणीवर भिस्त असते, ते अहवालात स्पष्ट लिही.

बटाट्याच्या शेतांच्या नोंदी वेगळ्या ठेव. इंदूर जिल्ह्यात बटाटा, लसूण, कांदा भरपूर, खत आणि पाणी दोन्ही सढळ हातानं. नायट्रेट खाली झिरपण्याचा धोका अशा पिकांत जास्त. सोयाबीनच्या शेताशी त्याची सरासरी काढलीस तर दोन्हींचं चित्र पुसलं जाईल.

संस्थेला मातीचे नमुने हवेतच असतील तर घे, पण नीट घे. तेच शेत, तोच महिना, तीच प्रयोगशाळा. रब्बी निघाल्यावर, नवं खत पडायच्या आत. नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’सारखा १५ सेंटीमीटर खड्डा करून त्याच्या कडेची माती. बांधाजवळ, झाडाखाली, जुन्या उकिरड्याच्या जागी नाही. सगळी माती एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन ठेवायचे, असं करत अर्धा किलो उरवायची आणि सावलीत वाळवायची. आता मुख्य गोष्ट. काही नमुन्यांचे दोन-दोन भाग करून वेगवेगळ्या नावांनी त्याच प्रयोगशाळेला पाठव. एकाच मातीचे जे दोन आकडे येतील, त्यांच्यातल्या फरकाएवढ्या फरकाला ‘सुधारणा’ म्हणायचं नाही. हे एक काम केलंस तर अहवालातली निम्मी फुशारकी आपोआप गळून पडेल.

शेतकऱ्यासमोर करण्यासारखं मला जास्त आवडतं ते पाणी मुरवून पाहणं. बूड काढलेला डबा जमिनीत थोडा रोवायचा, मोजून पाणी ओतायचं आणि मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहायचं. एक शेणखत पडणारं शेत, एक न पडणारं. मात्र उन्हाळ्यात हे करू नकोस. काळी जमीन तेव्हा भेगाळलेली असते, पाणी भेगेतून सरळ खाली जातं आणि वाईट जमीनही उत्तम ठरते. ओल असताना कर. लोक भोवती जमतात, आपसांत वाद घालतात, आणि त्या वादात तुला प्रश्नावलीपेक्षा जास्त ऐकायला मिळतं.

पाण्याबद्दल थोडक्यात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्याला रंग नाही, वास नाही, आणि पाणी उकळल्यानं ते जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला त्याचा धोका सर्वांत मोठा. प्रशिक्षणात हे सांगितलं गेलं का, आणि ऐकलं कुणी, हे पाहा. मेमध्ये एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा नमुना घे, थंड ठेवून दोन दिवसांच्या आत तपासायला दे. विहिरीपासून उकिरडा, गोठा, शौचालयाचा खड्डा किती पावलांवर आहे तेही लिही, कारण तिथूनही नायट्रेट येतं. एखाद्या विहिरीचा आकडा मर्यादेबाहेर निघाला, तर अहवालाची वाट न पाहता त्या घराला त्याच आठवड्यात जाऊन सांग. अभ्यास बिघडला तरी चालेल.

आता शिबिरात कोण नव्हतं, ते. कार्ड जमीनमालकाच्या नावानं निघतं, पण बटाईनं कसणारा दुसराच असतो. सकाळी अकराच्या शिबिराला बायका येऊ शकत नाहीत, आणि शेण कुठे जाणार, उकिरड्यावर की गोवऱ्यांत, हे त्याच ठरवतात. तेव्हा ज्याच्या किंवा जिच्या हातून युरिया फेकला जातो, त्या माणसाशी बोल. संध्याकाळी जा, ओट्यावर बस. तू बाई आहेस म्हणून तुला आतल्या अंगणापर्यंत जाता येईल, त्याचा उपयोग कर.

कंपोस्टचा विषय तुझ्या यादीत आहे, म्हणून एक जुनी गोष्ट. १९२४ मध्ये इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. आज तिथे आपलं कृषी महाविद्यालय आहे. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तिथे कंपोस्टची जी पद्धत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. १९३५ मध्ये गांधीजीही ती पाहायला आले होते. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती, राख, सगळं शेतावरचंच. मग शंभर वर्षांनंतर इंदूरच्याच आसपासच्या गावांत खड्ड्यातला ढीग नियमानं पालटणारे इतके कमी का? शेण चुलीला लागतं, भुसा गुरांना लागतो, ढीग ओला ठेवायला उन्हाळ्यात पाणी नसतं, आणि पालटायला मजूर मिळत नाही. या माणसांना माहिती नाही असं नाही. म्हणून ज्यानं प्रशिक्षण घेऊनही केलं नाही, त्याला ‘का नाही केलं’ असं दरडावून विचारू नकोस. ‘करायचं ठरवलंत तर काय काय लागेल’ असं विचार आणि किती दिवस, किती मजुरी, ते लिहून घे. न करणाऱ्यांची ही पानं अहवालात पुढे असायला हवीत, कारण पुढचं प्रशिक्षण त्यांच्याचसाठी आखायचं आहे.

नरवाई, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेली धाटं, जाळण्याबद्दल मात्र काही विचारूच नकोस. दंडाच्या भीतीनं कुणी कबूल करणार नाही. एप्रिलमध्ये गहू निघाल्यावर ठरलेल्या रस्त्यांनी दोन्ही प्रकारच्या गावांतून जा आणि काळी पडलेली शेतं मोज.

‘समाधानी शेतकऱ्यांची टक्केवारी’ पहिल्या पानावर घालण्याचा आग्रह तुला होईल. ती शेवटच्या परिशिष्टात जाऊ दे. पहिल्या पानावर गोण्यांचा हिशेब घाल, आणि अहवाल संस्थेला देण्याआधी गावातल्या चौपालवर वाचून दाखव. चुकलेला आकडा तिथले लोक लगेच धरतात.

प्रश्नावली निम्म्यावर आण आणि मला पुन्हा पाठव. गव्हाची पेरणी नोव्हेंबरात होते, आणि वीस-एकवीस दिवसांनी पहिलं पाणी देताना युरियाचा हप्ता पडतो. तुझी पहिली फेरी त्याच आठवड्यात असू दे, म्हणजे किती पडला हे आठवायची वेळ कुणावर येणार नाही, गोणी बांधावरच दिसेल.

तुझी,
ताई