मरूद्यान, मरुद्यान आणि झिरा

बेळगावातल्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. 'ओॲसिस'ला मुलं उत्तरपत्रिकेत मरुद्यान, मरूद्यान, मरुउद्यान असं तीन परींनी लिहितात, बरोबर कोणतं? आणि आपल्या भागात याला साधा, तोंडातला शब्द नाही का?

पहिल्याचं उत्तर लगेच देता येतं. ताई, मरूद्यान. रू दीर्घ. मरु आणि उद्यान यांतले दोन ऱ्हस्व उ एकत्र आले की दीर्घ ऊ होतो, जसं गुरु अधिक उपदेश म्हणजे गुरूपदेश. मुलं गोंधळतात ती मरुभूमी आणि मरुस्थळ या शब्दांमुळे. तिथं रु ऱ्हस्वच हवा, कारण सुटा 'गुरू' आपण दीर्घ लिहितो तरी 'गुरुकृपा' लिहिताना तो मूळ संस्कृतासारखा ऱ्हस्व होतो. मरूद्यानात मात्र संधी झालेली आहे. तिथं ऱ्हस्व लिहिलं तर शब्दाची फोडच बदलते: मरुत् अधिक यान, म्हणजे वाऱ्याचं वाहन. फळ्यावर या दोन फोडी शेजारी शेजारी लिहून दाखवा. नुसतं 'रू दीर्घ' असं दहा वेळा बजावण्यापेक्षा ते पक्कं बसतं.

आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे, ती पुण्याच्या मुलांना नसते. यांच्या कानावर कानडी 'मरळुगाडु' असतो. मरळु म्हणजे वाळू, काडु म्हणजे रान. मरळुगाडु म्हणजे वाळूचं रान. फार नेमका शब्द आहे. पण त्यामुळे 'मरु' म्हणजेही वाळूच असणार, असं पोर धरून चालतं. मरुचा वाळूशी संबंध नाही. तो संस्कृत शब्द, परंपरेनं मरण्याच्या 'मृ' धातूशी जोडलेला: जिथं पाण्यावाचून जीव जातो तो प्रदेश. मारवाड या नावात तोच मरु आहे.

आता दुसरा प्रश्न, ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो. मरूद्यान शुद्ध आहे, खरं मला ते पुरत नाही. उद्यान म्हटलं की फिरायला जायची जागा डोळ्यांसमोर येते. बाक, फुलझाडं, संध्याकाळी बंद होणारं फाटक. ओॲसिस हे राहायचं ठिकाण आहे. मूळ शब्दच ते सांगतो. ग्रीकांनी तो इजिप्तकडून उचलला. तिथल्या कॉप्टिक भाषेत त्याचं रूप 'वस्ती, राहतं ठिकाण' या अर्थाचं आहे, आणि अरबीतला 'वाहा' त्याच घराण्यातला. उर्दूनं खजुरीकडे पाहून नखलिस्तान म्हटलं, संस्कृतनं हिरव्या गवताकडे पाहून शाद्वल. माणसांकडे पाहून नाव ठेवलं ते इजिप्तनं.

सिवाचं उदाहरण घ्या. इजिप्तच्या पश्चिम टोकाला, लिबियाच्या सीमेपासून साधारण 50 किलोमीटरवर, समुद्रसपाटीहून खोल अशा खळग्यात हे गाव आहे. जमिनीखालचं पाणी झऱ्यांनी वर येतं, त्यावर खजूर आणि ऑलिव्ह. इ.स.पू. 331 मध्ये सिकंदर तिथल्या अमून देवाचा कौल घ्यायला वाळवंट तुडवत गेला होता. जुनं गाव शाली हे मीठमिश्रित मातीच्या ढेकळांनी बांधलेलं. 1926 साली तिथं कधी नव्हे तो जोराचा पाऊस झाला आणि भिंती विरघळल्या. लोक आपसात सिवी बोलतात, ती बर्बर कुळातली भाषा, शाळा-कचेरीत अरबी. सीमेवरचं गाव, घरात एक भाषा, कचेरीत दुसरी. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

अशा वस्तीत मोलाची गोष्ट झाड नव्हे, पाण्याची पाळी. ओमानात फलज नावाच्या पाटांनी पाणी खेळवतात आणि ते मोजतात वेळेवर. 'अथर' म्हणजे सुमारे अर्धा तास पाणी, इतके अथर अमक्याचे, इतके तमक्याचे. खजुरीच्या सावलीत डाळिंबासारखी फळझाडं, त्यांच्याखाली भाजी आणि चारा. खानापूरहून घाट उतरलं की गोव्याचं कुळागर असंच थरांचं असतं, माड-पोफळीखाली केळी, मधून पाट. बागेपुरता शब्द हवा असेल तर कुळागर मला उद्यानापेक्षा जवळचा वाटतो. पण त्यात सभोवतालची तहान येत नाही, म्हणून भूगोलाच्या पेपरात तो चालणार नाही.

तहान आणि पाणी दोन्ही ज्यात आहेत असा आपला शब्द म्हणजे झिरा, नदीच्या कोरड्या वाळूत उकरलेला पाण्याचा खळगा. माझं आजोळ मलप्रभेकाठी. चैत्र लागला की धार एका कडेला जाई आणि बाकी पात्र उघडं पडे. आजी वाळूत हातानं खळगा करी, कोपरापर्यंत हात गेला की तळाशी गढूळ ओल दिसे. पहिलं पाणी ती करवंटीनं उपसून बाहेर टाकी. दुसरंही. मग वाळू खाली बसून पाणी निवळेपर्यंत घागरीशेजारी बसून राही. घागर भरली की खळगा बुजवायचा नाही, पुढच्या बाईसाठी तसाच ठेवायचा, कडा ढासळली असेल तर सावरून जायचं. कानडीत या पाझराला 'ओरते' म्हणतात. नदीवर मराठी आणि कानडी बायका दोन्ही शब्द वापरत, एका वाक्यात दोन्हीही.

ही वाळू नदीची, हेही लक्षात घ्या. मराठीत वाळवंट म्हणजे आधी नदीकाठचं वाळूचं मैदान. वारकऱ्याला विचारा, तो चंद्रभागेचंच सांगेल. वाळवंट या शब्दात सहारा फार नंतर आला. मुलांना वाळवंट म्हटल्यावर फक्त उंट आठवत असेल तर हा जुना अर्थही सांगायला हवा.

म्हणून ओॲसिसला 'झिरा' म्हणावं का? नाही. झिरा एका घागरीपुरता, तिथं गाव वसत नाही. पेपरात मरूद्यानच लिहायला लावा, शिकवताना 'वाळवंटातली पाण्याकाठची वस्ती' असं उलगडून सांगा आणि झिऱ्यावरून पाणी कसं वर येतं ते दाखवा. ओॲसिस हा शब्दही आता मराठीत रुळलेला आहे, तो लिहिल्यास गुण कापू नयेत.

एक वापर मात्र मला खटकतो. आपल्याकडच्या भाषणांत आणि लेखांत एखादी शाळा किंवा वाचनालय म्हणजे 'सीमाभागातलं मराठीचं मरूद्यान' असं म्हणतात. मराठी शाळा टिकावी म्हणून मीही जिवाचं रान करीन. पण हे म्हणताना भोवतालच्या कानडीला आपण मरुभूमी ठरवतो. सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाआधी मराठी माणसं जोगुळभावीत अंघोळ करतात. त्यातला 'भावी' म्हणजे कानडी बावी, संस्कृत वापी, मराठीतली बाव. एकाच विहिरीचं नाव दोघांच्या तोंडी आहे, तिथं वाळवंट कुठलं?

राहिलं लिंग. मरूद्यान नपुंसकलिंगी, अनेकवचन मरूद्यानं, लेखी मरूद्याने. ओॲसिसही नपुंसकलिंगीच चालवावं: ते ओॲसिस, त्या ओॲसिसमध्ये.