वाचकांचे प्रश्न : डिजिटल छायाचित्रातील फिल्मचा दाणा

प्रश्न : भातरोपणीची छायाचित्रे मी डिजिटल कॅमेऱ्याने काढतो. जुन्या कृष्णधवल फोटोंसारखा दाणेदारपणा यावा म्हणून लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रेन (दाण्यांचा परिणाम) बराच वाढवला, पण फोटोवर वाळू भुरभुरल्यासारखे दिसते. सोबत एक नमुना पाठवत आहे. काय करावे?
— एक वाचक, जांबोटी परिसर, ता. खानापूर

उत्तर : आपला नमुना लक्षपूर्वक पाहिला. चिखलात वाकलेल्या बायका, डोक्यावर घोंगडीची खोळ आणि वर पावसाळी करडे आभाळ, हा प्रसंग कृष्णधवल रूपाला अतिशय साजेसा आहे. वाळूसारखा परिणाम ग्रेन जास्त झाल्यामुळे काही अंशी आला आहे, परंतु खरे कारण ग्रेनखालच्या चित्रात आहे. कृष्णधवल फिल्मवरील सिल्व्हर हॅलाइडच्या ज्या स्फटिकांवर पुरेसा प्रकाश पडतो, त्यांचे रोल धुताना चांदीत रूपांतर होते, आणि त्या चांदीच्या कणांच्या पुंजक्यांतूनच चेहरा, चिखल, आभाळ असे सारे चित्र घडते. त्यामुळे दाण्याहून बारीक तपशील त्या चित्रात सहसा टिकत नाही. आपल्या छायाचित्रात शार्पनिंग (कडांची तीव्रता) आणि क्लॅरिटी (मधल्या छटांतील उठाव) इतकी वाढलेली आहे की लुगड्याच्या काठाचा एकेक धागा दाण्यापेक्षा स्पष्ट दिसतो. मग चित्र एका थरात आणि दाणे दुसऱ्या थरात असल्याचे डोळ्यांना लगेच कळते.

म्हणून आधी शार्पनिंग कमी करावे आणि क्लॅरिटी शून्यावर आणावी. त्यानंतर इफेक्ट्समधील ग्रेनचे तीनही स्लायडर एकत्र विचारात घ्यावेत : अमाउंट म्हणजे दाणे किती ठळक दिसावेत, साइज म्हणजे ते किती मोठे असावेत आणि रफनेस म्हणजे त्यांची मांडणी किती अनियमित असावी. बहुतेक जण केवळ अमाउंट वाढवत राहतात. माझ्या मते अमाउंट २० ते ३०च्या आसपास ठेवून साइज आणि रफनेस यांवर अधिक वेळ द्यावा, कारण एकसारखे, आखून ठेवल्यासारखे दाणे फिल्मचे वाटत नाहीत. हे सर्व करताना छायाचित्र शंभर टक्के आकारात उघडून पाहावे, कारण पडद्याच्या मापात लहान करून पाहिल्यास दाण्यांचा अंदाज चुकतो.

नियंत्रण अधिक हवे असल्यास फोटोशॉपमध्ये पन्नास टक्के करड्या रंगाचा नवा लेयर (थर) घेऊन त्याचा ब्लेंड मोड (खालच्या चित्रात मिसळण्याची पद्धत) ओव्हरले करावा, त्यावर अ‍ॅड नॉइज हे फिल्टर गाउसियन आणि मोनोक्रोमॅटिक हे पर्याय निवडून वापरावे आणि मग अगदी किंचित ब्लर द्यावा, म्हणजे पिक्सेलचे टोकदार चौकोन जाऊन दाणे एकमेकांत मिसळतात. नंतर लेयर मास्कने (थराचा हवा तो भाग झाकण्याच्या सोयीने) गडद सावल्यांतील आणि अगदी पांढऱ्या भागांतील दाणे कमी करावेत. कृष्णधवल प्रिंटमध्ये दाणे मधल्या करड्या छटांत सर्वाधिक दिसतात. आपल्या छायाचित्रातील आभाळ नेमके तसेच आहे, तेव्हा दाण्यांची खरी परीक्षा तिथे होईल. पैसे खर्च न करता हेच साधायचे असल्यास डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे, आणि त्याच्या ग्रेन मॉड्यूलमध्ये मधल्या छटांवर भर देण्याची स्वतंत्र सोयही आहे.

‘जुने फोटो’ असे आपण म्हणता, त्यात एक भेद लक्षात ठेवावा. स्टुडिओत बसवून काढलेल्या जुन्या कौटुंबिक फोटोंत दाणे फारसे दिसत नाहीत, कारण निगेटिव्ह मोठी असे आणि ती थोडीच वाढवावी लागे. ३५ मिमी फिल्मची चौकट मात्र २४ × ३६ मिमी एवढीच असते. तिचा ८ × १२ इंची प्रिंट काढताना ती सुमारे साडेआठ पट मोठी होते, आणि कोडॅक ट्राय-एक्ससारख्या १९५४ पासून ३५ मिमीमध्ये मिळणाऱ्या वेगवान (कमी प्रकाशातही चालणाऱ्या) फिल्मचे दाणे त्यात ठसठशीत उमटतात. शेतात चालताबोलता टिपलेल्या प्रसंगाला हा दुसरा प्रकार शोभेल.

प्रश्न : बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे फोटो मोबाइलवर रात्री काढले असून त्यांत आधीच ठिपके आहेत. त्यांवर आणखी ग्रेन द्यावा का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : द्यावा, पण आधी थोडी सफाई करावी. अंधारात आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) वाढल्यामुळे आलेला नॉइज (नको असलेले ठिपके) सावल्यांत अधिक असतो आणि त्यात लाल, हिरवे, जांभळे डाग मिसळलेले असतात. हे रंगीत डाग कलर नॉइज रिडक्शनने पूर्ण काढावेत. ल्युमिनन्सचा (उजेडाच्या कमी-जास्तपणाचा) नॉइज मात्र अर्धाच कमी करावा, नाहीतर रथावरील माणसांचे चेहरे मेणाचे वाटू लागतात. त्यानंतर हलका ग्रेन दिला की उरलेले ठिपके त्यात सामावून जातात.

प्रश्न : लॅपटॉपवर सुंदर दिसणारे दाणे फोटो पाठवल्यावर किंवा प्रिंट केल्यावर का बदलतात?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : फोटो लहान केला की शेजारचे पिक्सेल एकत्र होऊन बारीक दाणे पुसट होतात, आणि जेपेग कॉम्प्रेशन त्यांचे चौकोनी ठोकळे करते. म्हणून फोटो अंतिम मापाला आणून सर्वात शेवटी ग्रेन द्यावा. प्रिंटसाठी ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) धरल्यास ८ × १२ इंचांना २४०० × ३६०० पिक्सेल लागतात; त्या मापाची वेगळी प्रत करावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून स्टुडिओला पाठवताना ती फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, आणि मोठा प्रिंट काढण्यापूर्वी आभाळ किंवा चेहरा असलेल्या एका तुकड्याचा लहान नमुना त्याच कागदावर काढून पाहावा.