शेवटचा शब्द झूमने खाल्ला त्याबद्दल

प्रिय पोरी,

रविवारी झूमवरच्या कविसंमेलनात तू कविता वाचलीस आणि रात्री सव्वाअकराला तुझा मेसेज आला, "ताई मी परत कधीच ऑनलाइन वाचणार नाही", आणि खाली ते तीन रडके इमोजी. तेव्हा उत्तर दिलं नाही कारण झोपेत मी काहीतरी गोड गोड लिहिलं असतं आणि तुला ते खरं वाटलं असतं. आज सुट्टी आहे, चहा घेऊन बसलेय, आता नीट लिहिते.

पहिलं म्हणजे मी ऐकत होते. पूर्ण. ओट्यावर फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून, एका कानात इयरफोन, हातात निवडायची मेथी. नऊ नवोदित कवी आणि फुकटातलं झूम म्हणजे बरोब्बर चाळीस मिनिटं, त्यातली अकरा निवेदिकाबाईंनी स्वागत आणि परिचयात घालवली (मी घड्याळ लावून बघितलं, वाईट सवय आहे), मग सहाव्या कवीच्या मधेच मीटिंग पडली आणि दुसऱ्या लिंकवर निम्मी माणसं आलीच नाहीत. तुझा नंबर सातवा. यात तुझी काय चूक?

आता ती शांतता. तुझी कविता संपली आणि कुणी काहीच बोललं नाही, ते तुला लागलं ना? अगं सगळे म्यूटवर असतात, बटण शोधून अनम्यूट होईपर्यंत चार-पाच सेकंद जातात आणि तेवढ्यात "खूपच छान, आता पुढचे कवी" झालेलं असतं. हॉलमध्ये माणूस पुढे सरकून बसतो, कुणीतरी "च्च" करतं, ते सगळं वाचणाऱ्याला कळतं, इथे काहीच कळत नाही. म्हणून लोकांना आवडलं नाही असा अर्थ काढू नकोस, पण फार आवडलं असाही काढू नकोस कारण खरी गोष्ट वेगळीच आहे. तुझा शेवट कुणाला ऐकूच आला नाही.

तुझ्या बाबांची महाप्याची कंपनी बंद पडली, त्यांचं आयकार्ड ज्या खिळ्याला लटकायचं तो खिळा घरात अजून आहे, आणि कविता संपते "खिळा तसाच आहे" वर. मला ऐकू आलं "खिळा त". बस. तू ओळीच्या शेवटी आवाज खाली सोडतेस, समोर बसलेल्या माणसाला ते छान वाटतं, पण झूमला हळू आवाज म्हणजे पंख्याचा आवाज वाटतो आणि ते तो कापून टाकतं. झूमच्या सेटिंगमध्ये जाऊन ओरिजिनल साउंड चालू कर, म्हणजे ते आवाज कमी कापतं. मात्र मग तुमच्या शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टीपण जगाला ऐकू जाणार, ते तू ठरव. आणि वायरवाला इयरफोन घे, ब्लूटूथवाल्याचा माइक आवाज पत्र्यासारखा करतो.

पण मशीनला किती बोलायचं. तू कवितेच्या आधी अडीच मिनिटं प्रस्तावना केलीस ना, त्यात कंपनी, बाबा, आयकार्ड आणि खिळासुद्धा सांगून टाकलास! मग कवितेत उरलं काय? फार तर नाव सांग, नाव नसेल तर तेही नको, थेट पहिल्या ओळीवर ये.

आणि तू ओळी दोनदा म्हणत होतीस ना, ती मुशायऱ्याची, म्हणजे उर्दू कविसंमेलनाची पद्धत. गझलेत शेराचा पहिला मिसरा, म्हणजे पहिली ओळ, दोनदा म्हणतात कारण समोरचे तो उचलतात, दाद देतात, मग दुसऱ्या मिसऱ्याला वजन येतं. सुरेश भटांनी मराठी गझल घराघरात नेली तशी ती सवयपण आपल्याकडे सगळ्यांना लागली, पण तुझी कविता मुक्तछंदातली आहे, त्यात "आई डबा भरते" दोनदा म्हटलं की आई दोनदा डबा भरते एवढंच होतं.

माझं सांगते. कळव्याला एका सोसायटीच्या पटांगणात कोजागिरीचं कविसंमेलन होतं, पंचवीसेक वर्षं झाली असतील, माझा नंबर शेवटून दुसरा. आयोजकांनी मसाला दूध मध्यंतरात दिलं. कोजागिरीला दूध संपलं की लोक उठतात हे ज्याला कळत नाही त्याने कविसंमेलन घेऊ नये. साडेबाराला मी माइकसमोर उभी राहिले तेव्हा सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झालेली, समोर शेवटच्या कवीची बायको पेंगत होती आणि मंडपवाल्याचा एक मुलगा खुर्च्या एकात एक घालत होता, खडाक, खडाक. मला इतका राग आला की मी मोठ्यांदा वाचायचं सोडून दिलं आणि सरळ त्या मुलाकडे बघून, त्याला सांगितल्यासारखं वाचलं, म्हटलं तू तरी ऐक. मधे कधीतरी खडाक बंद झालं. कविता संपल्यावर तो म्हणाला, "मॅडम, ती बाई मग माहेरी गेली का?" टाळ्या वगैरे काही नाही.

झूमवर मला तेच वाटतं. तू एकवीस चौकोनांसाठी वाचत होतीस, पण तुझा आवाज होता माझ्या एकीच्या कानात, मेथी निवडताना. एवढ्या जवळ कुठल्याच रंगमंचावरून जाता येत नाही गं. विंदा, पाडगावकर, बापट तिघं मिळून गावोगाव फिरून कविता वाचायचे, त्याच्याही आधी १९२३ सालचं पुण्याचं कवींचं रविकिरण मंडळ, तेव्हा यशवंत आणि गिरीश कविता गाऊन म्हणायचे. त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं होतं. तुझी शेवटची रांग बोटभर अंतरावर आहे. एका माणसाशी बोलल्यासारखं वाच, म्हणजे आवाज आपोआप सरळ येईल, ते कार्यक्रमी हेलकावे जातील.

बाकी भराभर सांगते. फोनवरच कॅमेरा आणि फोनवरच कविता असं करू नकोस, तू खाली स्क्रोल करत होतीस आणि आम्हाला तुझ्या नाकपुड्या दिसत होत्या, झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढ. दोन मिनिटांच्या वरची कविता निवडू नकोस. कुणी दोनशे-तीनशे रुपये सहभाग शुल्क आणि ई-प्रमाणपत्र म्हणालं तर नम्रपणे नाही म्हण, माझ्याकडे अशी सन्मानपत्रं फाइलभर आहेत, एकही कामाला आलं नाही. कविता चोरीला जाईल ही भीती सोड, लिहिल्या क्षणापासून कॉपीराइट तुझाच असतो, नोंदणी लागत नाही, आणि खरं सांगू का, आपल्या कविता चोरण्याइतकं कुणी रिकामं नाही. पण दिवाळी अंकाला बहुतेक ठिकाणी अप्रकाशित कविता लागते आणि यूट्यूबवर गेलेली चालते की नाही हे संपादकागणिक बदलतं, म्हणून जी अंकाला द्यायची ती यूट्यूबवर लाइव्ह जाणाऱ्या कार्यक्रमात वाचू नकोस.

एका गोष्टीचा मात्र मला राग आलाय. तुझी झाली आणि तू लेफ्ट. तुझ्यानंतर दिवा स्टेशनकडच्या त्या मुलाने लोकलच्या दाराला लटकलेल्या हातांवर वाचलं, नवा आहे, अडखळत होता, पण त्यातला एक हात मला अजून दिसतोय. तुझ्या शांततेबद्दल तू रडलीस आणि त्याच्या वेळी तुझा चौकोनच नव्हता. त्याचा नंबर ग्रुपवर आहे, त्याला दोन ओळी लिही, "छान" नको, कुठला शब्द लक्षात राहिला ते लिही. मीपण लिहिलंय.

पुढच्या महिन्यात परत आहे, निवेदिकाबाईंना मी परिचय दोन ओळींत आटपायला सांगितलंय, बघू. तुमच्या दीड खोलीत मोठ्यांदा वाचता येत नाही हे मला माहितीय, तर शनिवारी संध्याकाळी कोपरखैरण्याहून ठाणा लोकल पकड आणि ये. तलावपाळीला तळ्याकाठच्या कट्ट्यावर बसू, तिथे भेळवाले, पोरं, वर्दळ सगळं आहे, झूमपेक्षा वाईट. मी तुझ्याकडे पाठ करून बसते, तू खिळ्याची कविता वाच, शेवटचा शब्द ऐकू आला नाही तर हात वर करीन.

तुझी,
ताई