जुन्या प्लेअरला बिनतारी हेडफोन

प्रश्न : माझ्या एमपीथ्री प्लेअरला ब्लूटूथ नाही. कापूस वेचताना वायर पऱ्हाटीत अडकते. बाजारातून ब्लूटूथचं यंत्र आणलं, पण हेडफोन जोडलाच जात नाही. काय चुकलं?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : बहुधा तुमच्या हाती रिसीव्हर आला आहे. तो मोबाइलचा आवाज घेऊन स्पीकरला देतो. तुम्हाला हवा ट्रान्समीटर, म्हणजे प्लेअरचा आवाज हेडफोनला पाठवणारं यंत्र. काही यंत्रांत दोन्ही सोयी असतात; बाजूचं बटण ‘टीएक्स’वर (म्हणजे ट्रान्समीटरवर) सरकवून आधी बघा, नवा खर्च कदाचित वाचेल.

मग ३.५ मिमीची पिन प्लेअरच्या हेडफोन जॅकमध्ये पूर्ण बसवा. जोडणी करताना घरातल्या सगळ्या मोबाइलचं ब्लूटूथ बंद ठेवा, नाहीतर हेडफोन त्यांनाच जाऊन चिकटतो. ट्रान्समीटर आणि हेडफोन दोन्ही जोडणीच्या स्थितीत (पेअरिंग मोडमध्ये) आणून, हातभर अंतरावर ठेवून मिनिटभर थांबा. प्लेअरचा आवाज पाऊणपट ठेवा: पूर्ण केला तर गाणं फाटतं, फार कमी केला तर खरखर येते.

प्लेअर कमरेच्या मागे, कापसासाठी बांधलेल्या ओट्यात ठेवू नका. शरीरातलं पाणी ब्लूटूथच्या लहरी शोषतं आणि गाणं तुटतं. वरच्या खिशात ठेवा. चार्जिंग सुरू असताना गुणगुण आली, तर चार्जर काढून ऐका.