तिसऱ्यांदा नीट द्यावी की भूगोल घ्यावा?

(मंगळवेढा तालुक्यातील एका वडिलांच्या पत्राचा सारांश: 'मुलीने दोनदा नीट दिली, आमचा नंबर थोडक्यात हुकला. २०२१च्या दुसऱ्या लाटेत माझे वडील गेले. तीन ठिकाणी फिरूनही ऑक्सिजनचा बेड मिळाला नाही. घरात डॉक्टर झालाच पाहिजे, असे त्याच रात्री ठरवले. आता ती म्हणते, भूगोल घेऊन साथींचा अभ्यास करीन. ती वेळ कसा वाया घालवते हे कळावे म्हणून तिच्या वहीतील एका पानाचा फोटो जोडत आहे. तिला समजवा.')

नमस्कार,

तुमचे पत्र दोनदा वाचले. काळजी वाटली, पण ती मुलीच्या गुणांमुळे नाही. चार पानांच्या पत्रात 'आमचा नंबर', 'आमचा रिपीट', 'आमचा निर्णय' हे शब्द वारंवार आले आहेत आणि मुलीचे म्हणणे मात्र एका ओळीत उरकले आहे. वडिलांचा श्वास कोंडत असताना गाडी घेऊन दारोदार फिरलेल्या मुलाला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. तरीही सांगितले पाहिजे की त्या रात्री तुम्ही घेतलेली शपथ नववीतल्या मुलीच्या नावावर चढली, आणि तेव्हापासून ती ते ओझे वाहते आहे. तिने दोन वेळा प्रामाणिकपणे प्रयत्न केला. तिसऱ्यांदा तिला बसवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता त्या पानाकडे वळतो, कारण तुम्ही ज्याला वेळ वाया घालवणे म्हणता, त्यात मला वेगळेच काही दिसले. पानावर तुमच्या गावाचा हाताने काढलेला नकाशा आहे: वेस, एसटी थांबा, दूध संकलन केंद्र, रेशन दुकान आणि लांबवर विखुरलेल्या मळ्यातल्या वस्त्या. रुग्ण निघालेल्या घरांवर लाल ठिपके आहेत, आणि खाली प्रश्न लिहिला आहे: 'दूध केंद्राच्या गल्लीत एवढे, मग मळ्यात का नाहीत?' आजोबांच्या मृत्यूने तुमच्यासमोर बेडचा प्रश्न उभा केला. तिच्यासमोर, आजार घरापर्यंत कोणत्या वाटेने आला, हा प्रश्न उभा राहिला. दोघांचे दुःख एकच आहे.

तुमच्या पत्रातील एक समज मात्र खोडून काढायला हवा. 'डॉक्टर झाल्याशिवाय साथीत काय करता येणार?' असे तुम्ही विचारता. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला, तेव्हा मृत्यूंचा माग ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपापर्यंत काढणारे जॉन स्नो डॉक्टर होते, हे खरे. पण घरोघर चौकशी करून त्या निष्कर्षाला बळ देणारे हेन्री व्हाइटहेड हे त्या वस्तीतले पाद्री होते, आणि सुरुवातीला तर त्यांना स्नो यांचे म्हणणे चुकीचे वाटत होते. आजाराचा माग जागेतून कसा लागतो, ते आपल्याकडेही पाहा. १८९६ मध्ये मुंबईत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला तो मांडवीत, म्हणजे बंदराला लागून असलेल्या, धान्याच्या गोदामांच्या आणि दाटीच्या घरांच्या भागात. रोग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले, आणि मग गोदाम, उंदीर व वस्ती यांच्या शेजाराचा अर्थ लागला. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडे सापडली, तर त्याच वॉर्डांतल्या इतर वस्त्यांत सुमारे १६ टक्के. विषाणू तोच होता आणि वॉर्डही तेच होते. पण एका बाजूला घरात स्वतंत्र शौचालय होते आणि दुसऱ्या बाजूला अनेक कुटुंबांत मिळून एक, त्यासाठी रोजची रांग. हे सर्वेक्षण नीती आयोग आणि महापालिकेबरोबर टाटा मूलभूत संशोधन संस्थेने केले, आणि ती संस्था प्रामुख्याने गणित व विज्ञानाच्या संशोधनासाठी ओळखली जाते. रुग्णाला वाचवायला डॉक्टरच लागतो. पण कोणत्या गल्लीत आधी पोहोचायचे, हे ठरवायला आणखी माणसे लागतात.

मार्ग थोडक्यात सांगतो: भूगोल किंवा संख्याशास्त्रात बी.एस्सी., सोबत जीआयएस (संगणकावर नकाशाला माहिती जोडण्याचे तंत्र), आणि पुढे त्याच विषयाचे जिओइन्फर्मेटिक्स किंवा सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) या दोन्ही संस्था मुंबईतच आहेत. नुसत्या भूगोलाच्या पदवीवर नोकरी मिळेल, असे आश्वासन मी देणार नाही. संख्याशास्त्र टाळून हे काम होत नाही, आणि तिला गणिताचा कंटाळा असेल तर तिने आताच स्वतःशी खरे बोलावे.

तिच्यासाठीही दोन गोष्टी लिहितो, आणि त्या कौतुकाच्या नाहीत. नुसते ठिपके फसवतात. दूध केंद्राच्या गल्लीत माणसेच जास्त राहत असतील, तर ठिपकेही जास्त पडणार. म्हणून प्रत्येक गल्लीतल्या रुग्णांच्या संख्येला तिथल्या एकूण माणसांच्या संख्येने भागून पाहावे. दुसरे असे की तपासणी कोणाची झाली, हेही जागेवरच अवलंबून असते. डांबरी रस्त्यालगतचा माणूस आरोग्य केंद्रात जाऊन तपासून घेतो, मळ्यातला माणूस ताप अंगावर काढतो. त्यामुळे मळ्यात ठिपका नाही याचा अर्थ तिथे आजार नव्हता, असा होत नाही. मळ्यात जाऊन विचारावे लागेल.

आणि तुमच्याकडून एक काम हवे आहे. वडील रोज पहाटे दूध घालायला केंद्रावर जात, असे तुम्ही ओघात लिहिले आहे. तिच्या नकाशात तुमच्या घरावर ठिपका आहे, पण शेजारी तारखेसाठी ठेवलेली जागा कोरीच आहे. आजारी पडण्यापूर्वीच्या आठवड्यात ते कोणत्या दिवशी केंद्रावर गेले, तिथे किती वेळ थांबले आणि ताप कधी आला, हे तुम्हालाच आठवत असेल. आज रात्री जेवणे झाली की वही मागून घ्या आणि तिच्याजवळ बसून ती जागा भरा.