आणखी केबल टाकल्याने देशाचे इंटरनेट भक्कम होईल का?

सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ लाल समुद्रातील केबल तुटल्या आणि भारतातही इंटरनेट मंदावले. तेव्हा आणखी केबल टाकणे हाच उपाय आहे का, असे आपण विचारले आहे. मी सांगलीत फायबर जोडणीचे काम पाहतो. माझ्या मते केबल किती आहेत यापेक्षा त्या किती वेगवेगळ्या वाटांनी जातात, हे अधिक महत्त्वाचे आहे.

२०१९ च्या महापुरात आमच्याकडील एका संस्थेच्या दोन कंपन्यांकडून घेतलेल्या जोडण्या एकदमच बंद पडल्या, कारण दोन्हींचे फायबर एकाच पुलावरून कृष्णा ओलांडत होते. बिले दोन, वाट एकच.

देशाच्या पातळीवरही हेच घडते. मुंबईहून युरोपकडे जाणाऱ्या बहुतेक केबल लाल समुद्रातून आणि पुढे इजिप्तमधून जातात. त्यामुळे २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या, तेव्हाही आपल्याला झळ बसली होती. या मार्गावर आणखी एक केबल टाकल्याने क्षमता वाढेल, धोका मात्र तेथेच राहील. चेन्नईहून सिंगापूरकडे जाणारी वाट खऱ्या अर्थाने वेगळी आहे. तीही निर्धोक नाही, कारण २००६ च्या डिसेंबरमध्ये तैवानजवळील भूकंपाने पूर्वेकडील अनेक केबल एकाच वेळी तोडल्या होत्या. परंतु दोन्ही दिशांना एकदमच संकट येण्याचा संभव कमी असतो.

मात्र पश्चिमेचा ट्रॅफिक, म्हणजे इंटरनेटवरील डेटाची ये-जा, पूर्वेकडे वळवायचा, तर मुंबई आणि चेन्नई यांना जोडणारे जमिनीवरील फायबर शाबूत हवे आणि त्यावर राखीव क्षमता आधीच घेतलेली हवी. सातारा, कऱ्हाडवरून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गाच्या कडेनेही असे फायबर गेले आहे आणि रुंदीकरणात जेसीबीच्या एका फटक्याने ते तुटते. समुद्रातील केबलची चर्चा होते, या खोदकामाची होत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

देशातला ट्रॅफिक देशातच फिरावा यासाठी २००३ मध्ये निक्सी ही इंटरनेट कंपन्यांची जाळी आपसात जोडणारी एक्स्चेंज सुरू झाली; तिचा वापर वाढायलाच हवा.

दुरुस्तीकडे तर सर्वांत कमी लक्ष जाते. समुद्रातील बहुतेक बिघाड जहाजांचे नांगर आणि मासेमारीची जाळी यांमुळे होतात, म्हणजे ते होतच राहणार. दुरुस्ती जहाजासाठी आपण परदेशांवर अवलंबून आहोत, आणि २०२४ मध्ये येमेनजवळ तुटलेल्या केबल युद्ध व परवानग्यांमुळे कित्येक महिने जोडता आल्या नव्हत्या. भारतीय ध्वजाखालील दुरुस्ती जहाजांचा मुद्दा ट्राय या दूरसंचार नियामकाने २०२३ च्या शिफारशींत घेतला आहे. नव्या केबलपूर्वी मी त्यासाठी निधी मागेन.